तेरा फेऱ्यांचा रोजा

आमच्या घरात घोकंपट्टी, शिकवणी, छडी असलं काही म्हणजे काही नाही! माझी नऊ वर्षांची लेक इन्शिराह शाळेत जात नाही. ती गप्पांमधून शिकते, आणि गप्पा मारण्यात माझा हात धरणारा मलेशियातल्या आमच्या अख्ख्या बांगी शहरात कोणी नाही. भात शिजताना विज्ञान, बाजारात गणित, मशिदीत जाता-जाता इतिहास! हे मी इतक्या वेळा ऐकवलंय की हल्ली शेजारी मला बघून दार लावून घेतात.

फक्त सासूबाईंना ते पटत नव्हतं. बाई निवृत्त मुख्याध्यापिका! ऐन रमजानात त्यांचा निरोप आला, "शनिवारी इफ्तारला या. पोरीची परीक्षा घेणार आहे. नाही जमलं, तर ईदनंतर सरळ शाळा. फॉर्म भरून ठेवलाय."

बायको हस्लिंदा आदल्या दिवशीच माहेरी गेली होती. शनिवारी दुपारी तीनला आम्ही बापलेक निघालो. गाडीचा एसी बिघडलेला, आणि मागच्या सीटवर इफ्तारसाठी नेलेलं थंडगार गुलाबी सरबत! तासाभरात माझा घसा पार कोरडा पडला.

"बेटा, आज प्रवासावर बोलू या," मी सुरुवात केली. "प्रवाशाला रोजा सोडायची सवलत असते. नंतर भरून काढायचा."

"कितीही जवळ गेलं तरी?"

"छे! एक्याऐंशी किलोमीटर तरी हवेत."

"आणि आजीचं घर?"

"अगं, सहज शंभर असेल!" असं म्हणून मी गाडी कडेला घेतली आणि सरबताची अर्धी बाटली घशात ओतली. रोजा धरलेली माझी पोर एकटक बघत होती. मला वाटलं, भारावली!

गाव आलं तशी ती म्हणाली, "अबाह, निघताना मी मीटरचा आकडा लिहिला होता. शहात्तरच झाले."

माझं धाबं दणाणलं. सासूबाईंच्या दारात मी रोजा मोडलेला जावई म्हणून उतरणार होतो, तेही पाच किलोमीटरसाठी!

"मशिदीला फेऱ्या मारू!" मी म्हणालो. "एक फेरी किती?"

तिने एक फेरी मोजली. "चारशे मीटर. म्हणजे साडेबारा. तेरा मारा."

तिसऱ्या फेरीला एका म्हाताऱ्याने रस्ता चुकलात का म्हणून विचारलं. सहाव्या फेरीला लोकांना वाटलं, रमजानात मशिदीतर्फे वाटतात ती पेज घेऊन गाडी आलीय. ते डबे घेऊन मागे धावू लागले! आठव्या फेरीला हस्लिंदाचा फोन.

"अहो, मशीद घरासमोरच आहे, आई ओट्यावरून फेऱ्या मोजतेय. विचारतेय, ब्रेक गेलाय की डोकं?"

"पाच फेऱ्या राहिल्यात, आलोच!"

अखेर एक्याऐंशी भरले. मी ताठ मानेने उतरलो. सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी नातीला जवळ घेतलं आणि विचारलं, "आज काय शिकलीस?"

पोरीने मीटरपासून सरबतापर्यंत सगळं सांगितलं. वर म्हणाली, "पण गोल फिरून अंतर वाढत नाही, आजी. आणि सवलत हवी तर पहाटेआधी घर सोडावं लागतं. आम्ही तीनला निघालो. मला आईने सांगितलं होतं."

"मग मला का नाही बोललीस?" मी ओरडलो.

"तुम्हीच म्हणता ना, कुणाला शिकवायचं नाही, ज्याचं त्याने शिकावं!"

सासूबाईंनी फॉर्म टराटरा फाडला. आनंदाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. जिंकलो की हो!

"हिला शाळेची गरज नाही," त्या म्हणाल्या. "जावईबापू, जीभ दाखवा."

दाखवली. गुलाबी होती.

"ईदपर्यंत इथेच राहायचं. रोज दुपारी मशिदीत मी मुलांचा वर्ग घेते, त्यात बसायचं. आणि घरात जावई म्हणून 'तुम्ही', वर्गात मात्र नुसतं 'तू'! कळलं?"

आज माझा चौथा दिवस. प्रगती बरी आहे म्हणायची. फक्त माझ्या शेजारी सात वर्षांची एक मुलगी बसते, आणि मी नुसती मान वळवली तरी ती वही हाताने झाकून घेते!