मालिनीबाईंची दहा मिनिटं

टण्! भिंतीवरच्या घड्याळाने अकराचा पहिला ठोका दिला आणि घरातली शांतता मोडली. जेवणाच्या टेबलावर वाकलेल्या उर्वीने मानही वर केली नाही. "अकरा म्हणजे दहा पन्नास," ती पुटपुटली. सासूबाई, मालिनीबाई, घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवत, कुणाला उशीर होऊ नये म्हणून. सगळे मनातल्या मनात दहा वजा करत.

"आई, झोका दे ना," चार वर्षांची ओवी म्हणाली.

"दोन मिनिटं हं, राणी."

टेबलावर मिरजोळ्याच्या कारखान्यातली दोन नेटवर्क कार्डं आणि मधे शंभर मीटर केबलचं वेटोळं. कार्डाने निरोपाच्या येण्याजाण्याच्या क्षणाचा शिक्का मारायचा, उर्वीच्या प्रोग्रॅमने केबलमधल्या प्रवासाचा वेळ वजा करायचा, आणि दोन्ही कार्डांची घड्याळं जुळवायची. पण दुसरं कार्ड तीन दिवस पाचशे नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचे पाचशे अब्जांश, पुढेच पळत होतं. मिक्सरमुळे विजेत गडबड होत असल्याचा संशय, म्हणून घरात वाटण बंद. सासरे मुकाट्याने बिनवाटणाची आमटी गिळत होते. अकराला गिऱ्हाइकासमोर ऑनलाइन चाचणी. नाही जमलं, तर उर्वीचं घरून काम बंद आणि ओवी पाळणाघरात.

कोपऱ्यात नवरा अपूर्व घुश्शात बसला होता. त्याची देवरूखची एस.टी. चुकली होती. "वेळेआधी सुटली ती!" यावर अर्थातच कुणी विश्वास ठेवला नव्हता.

आतल्या खोलीत फोन वाजला. उर्वीने तो टेबलापाशी आणला. पलीकडे साहेब, हर्षद. "मॅडम, अकरा वाजून गेले! सगळे खोळंबलेत!"

"सर, अजून दहा मिनिटं…" उर्वीने वेळ बघायला टेबलावरच्या लॅपटॉपकडे पाहिलं. कार्डांच्या संगतीने त्याचंही घड्याळ शून्यावर जाऊन तो एक जानेवारी एकोणीसशे सत्तर दाखवत होता.

गोपाळकृष्ण, सासरे, खाकरले. "घड्याळ सकाळी मीच बरोबर लावलं. घरात एवढं अचूक काम चाललंय, आणि भिंतीवर खोटी वेळ? शोभत नाही."

"बघ गो उर्वी, न सांगता हात लावलानीत!" मालिनीबाई कडाडल्या. "आधीच दुरुस्त केलेलं, वर आम्ही पुन्हा दहा वजा करतोय!"

"पुन्हा…" उर्वी थबकली. शंभर मीटर केबल, म्हणजे प्रवास पाचशे नॅनोसेकंदांचा. कार्ड तो शिक्का मारतानाच वजा करत होतं, आणि तिचा प्रोग्रॅम परत एकदा!

तिने प्रोग्रॅममधली एकच ओळ पुसली. पडद्यावरचा आकडा धडाधड उतरला: पाचशे, नव्वद, आठ. आणि आठावरच बसला. "सर, आठ!" ती फोनमध्ये म्हणाली.

"आठ नॅनोसेकंद?" फोनमधून टाळ्या आल्या. हर्षद ओरडला, "मॅडम, तुम्ही घरूनच काम करा! हवं तर कारखाना तिकडे हलवतो!"

"मिक्सर लावू का गो?" मालिनीबाईंनी विचारलं.

"लावा, आई! दणक्यात लावा!"

"आणि माझी एस.टी.?" अपूर्वकडे कुणी पाहिलं नाही. मालिनीबाईंनी स्टुलावर चढून काटा हळूच दहा मिनिटं पुढे सरकवला.

उर्वीने ओवीला कडेवर घेतलं. "आता जगातली सगळ्यात बारीक वेळ मोजतो आपण!"

ओवीने आधी कार्डांकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग आईकडे.

"आई, तुझी दोन मिनिटं कुठल्या घड्याळात असतात?"