फायनलचा चिखल

मशीनमधून स्वच्छ, हिरवीगार जर्सी बाहेर आली तेव्हा बाबांचा ऊर भरून आला. लेक रग्बीच्या संघात गेल्यापासून पहिल्यांदाच तिची जर्सी चिखलाने माखलेली सापडली होती. एरवी ती जशी नेई तशीच परत आणी. समोरून कुणी चेंडू घेऊन धावत आलं की ही सभ्यपणे बाजूला होऊन वाट देई. रग्बीत एवढी सभ्यता चालत नाही. प्रशिक्षकांनी तर सांगूनच टाकलं होतं, आजच्या सामन्यात हिने एकीलाही पाडलं नाही, तर उद्यापासून मैदानाबाहेर बसून पाण्याच्या बाटल्या सांभाळायच्या.

"पडलीस ना गं शेवटी!" बाबा कौतुकाने ओरडले. "दोनदा मशीन फिरवली, तेव्हा कुठे निघाला चिखल."

लेक दारात आली. तिची जर्सी तिच्या अंगातच होती.

दोघांनी एकदमच बैठकीच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे नुसता खिळा होता. काच बदलायला चौकट कालच दुकानात गेली होती आणि तिच्यातली जर्सी खुर्चीवर पडून होती.

ती आईची जर्सी. आई म्हणजे देशाच्या संघाची माजी कर्णधार. तिला सगळे कॅप्टन म्हणत, बाबासुद्धा. गाजलेली फायनल जिंकल्यावर जर्सी न धुता तिने चिखलासकट काचेत लावली होती. क्लबचा रंगही हिरवाच आणि आदरापोटी लेकीला नंबरही तोच दिलेला, त्यामुळे बाबांची ही अशी फसगत झाली. कॅप्टन आत्ता एका शाळेत त्याच चिखलावर भाषण द्यायला गेली होती, आणि संध्याकाळी वर्तमानपत्राचा फोटोग्राफर जर्सीसह मायलेकींचा फोटो काढायला येणार होता.

"कुंडीतली माती लावू या," लेक म्हणाली.

"फायनलचा चिखल कुंडीतून?" बाबा भडकले. "काही लाजबीज आहे की नाही? चिखल मैदानावरचाच हवा. आज तू हीच घालून खेळ."

मैदानावर चिखल शोधावा लागला नाही. नळ फुटल्याने एका कोपऱ्यात छान राड झाली होती. तिकडूनच कपाटाएवढी एक मुलगी चेंडू काखेत मारून धावत आली. लेक नेहमीप्रमाणे बाजूला व्हायला निघाली, पण तेवढ्यात तिला संध्याकाळचा फोटो आठवला. डोळे मिटून तिने त्या मुलीच्या पायांना मिठी मारली आणि दोघी धपकन आडव्या झाल्या.

"शाब्बास! पण डावी बाही कोरडी आहे!" काठावरून बाबा ओरडले. प्रशिक्षकांना वाटलं, हा कॅप्टनचाच काहीतरी खास डावपेच असणार.

डाव्या बाहीसाठी लेकीने आणखी एकीला पाडलं, पाठीसाठी तिसरीला. मग तिला त्याची गोडीच लागली. शेवटी त्याच कोपऱ्यात, अंगावर तिघी लोंबकळत असताना तिने रेषेपलीकडे चेंडू टेकवला आणि सामना जिंकला. भीती कुठे गेली ते तिचं तिलाही कळलं नाही.

संध्याकाळी नव्या काचेमागच्या जर्सीसमोर कॅप्टन बराच वेळ उभी राहिली.

"हा चिखल माझा नाही."

बाबा घाईघाईने काच पुसू लागले. "अगं, काच नवीन आहे ना, म्हणून तसं दिसतंय."

"फायनलला मैदान कोरडं ठणठणीत होतं. तू होतास की तिथे."

बाबा होते खरे. पण चिखलाची गोष्ट त्यांनी पाहुण्यांना इतक्यांदा रंगवून सांगितली होती, की त्यांना तो आठवतही होता.

"मग तो आधीचा?"

"कुंडीतला," कॅप्टन हळूच म्हणाली. "लोकांना कोरडी जर्सी बघवेना. आता हा कुठला, ते सांग."

बाबांनी सगळं सांगितलं. मुलींना पाडल्याचंही. कॅप्टनचे डोळे भरून आले.

इतक्यात फोटोग्राफर आला. अंघोळ करून आपली कोरी जर्सी घातलेली लेक आईशेजारी उभी राहिली. त्याने आधी काचेकडे, मग लेकीकडे पाहिलं.

"ताई, तुमच्या जर्सीला अजून डागही लागलेला नाही. आईसारखं व्हायला वेळ लागेल हं!"

लेकीने बाबांकडे पाहिलं. बाबा छताकडे पाहू लागले.

"तिचं सोडा," कॅप्टन म्हणाली, "तिच्यासारखं व्हायला मला कुंडी उपसावी लागली होती."

फोटोग्राफरला काही कळलं नाही, पण फोटो छान आला. त्यात तिघंही पोट धरून हसताहेत.