पडद्याआडचा उमेदवार

आम्ही ऑस्ट्रेलियातल्या वॉलाँगाँगला राहायला आलो त्याच दिवशी शेजारच्या आठल्येकाकांनी आम्हाला एक वर्षाच्या प्रोबेशनवर घेतलं. कुंपणापलीकडून तसं चक्क सांगितलं. शैलाकाकूंनी मात्र त्याच कुंपणावरून गोडाच्या शिऱ्याची वाटी पुढे केली आणि म्हणाल्या, "माझं मत दिलंय गं तुला. ह्यांचं वर्षाने येईल."

काका इथल्या पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले. पण तरुणपणी ते जर्मनीतल्या एका लहान गावी नोकरीला होते, आणि त्या गावाला स्वतःचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा होता. भाड्याच्या खोलीत हीटर धड चालत नसे आणि हॉलमध्ये ऊब फुकट मिळे, म्हणून नवराबायको दर आठवड्याला स्वस्तातली तिकिटं काढून जात. काकांनी आयुष्यात साधी पिपाणी वाजवलेली नाही, तरी बोलताना कायम "आमचा ऑर्केस्ट्रा"! तो संस्थानिकाच्या पदरी कसा सुरू झाला, युद्धात हॉल जळल्यावर वादक चर्चमध्ये ओव्हरकोट घालून कसे वाजवत, हे ऐकल्याशिवाय त्यांच्याकडे चहा मिळत नसे. तिथे नवा वादक वर्षभर वाजवतो, मग सगळे मत देतात. नियम तिथला, राबवायचे मात्र काका इथे. प्लंबर, डॉक्टर, कोणी सुटला नाही. जावई ग्रेगला दोन मुलं झाली तरी त्याचं प्रोबेशन वाढतंच होतं. "नो वरीज," तो बिचारा म्हणायचा.

गणपतीच्या आरतीला पेटीचा सूर लागेपर्यंत काका झांजा वाजवू देत नसत. "ऑर्केस्ट्रात असं नसतं!" मी वैतागायचे. प्रसाद गार होत असे.

मग काकू विसरू लागल्या. आधी गॅस, मग घराचा रस्ता, मग इंग्रजी, आणि शेवटी काका. वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये ठेवल्यावर काका खोलीत शिरले की त्या किंचाळत, "हा म्हातारा कोण? बाहेर काढा याला!" त्यांच्या मनातला नवरा तिशीतला होता. तिथल्या प्रमुख बाईंनी काकांना समजावलं, काही दिवस येऊ नका, त्यांना त्रास होतो. काका घरी बसले आणि त्यांचं जेवणच सुटलं. मला त्या बाईंचा राग आला. पण त्यांचं चुकलं होतं असंही म्हणवेना.

एका दुपारी ते म्हणाले, "रोहिणी, मला ने. आजच." बाईंची परवानगी मीच काढली, पाच मिनिटांची. दारात त्यांनी बूट काढले.

"हे काय काका?"

"आमच्या ऑर्केस्ट्रात नव्या वादकाची परीक्षा पडद्याआड होते. वाजवणारा दिसायचा नाही. पावलंसुद्धा ऐकू यायची नाहीत. नुसता सूर ऐकायचा."

मला हसू येणार होतं, पण ते वाकून बूट भिंतीशी नीट जुळवून ठेवत होते. मी आधी आत जाऊन काकूंच्या पलंगाभोवतीचा पडदा ओढून घेतला. काका मोज्यांवर आले, पडद्याशी उभे राहिले आणि बोलू लागले. त्या हॉलमध्ये खांबामागच्या दोन खुर्च्या स्वस्त मिळत. एकीवरून थोडं दिसे, दुसरीवरून काहीच नाही. बायकोला व्हायोलिनवाले बघायचे असत, म्हणून नवरा तिला दिसणाऱ्या खुर्चीवर बसवी आणि स्वतः खांब बघत बसे.

"मग?" काकूंनी विचारलं.

"मग ती मला कानात सांगायची, कोण काय वाजवतंय ते."

"आवाज चांगला आहे तुमचा," काकू म्हणाल्या.

काकांनी पडद्याला हात लावला. "आत येऊ?"

"अगंबाई, नको. आमचे हे येतील एवढ्यात. कामावरून दमून येतात हो."

काकांनी हात मागे घेतला. मी तोंड फिरवलं, मला रडू आवरत नव्हतं.

"येतील हं," काका म्हणाले. "तोवर मी इथे बाहेर बसून बोलू का?"

"बोला. पण ते आले की उठायचं बरं का."

"उठतो," काका म्हणाले आणि त्यांनी खुर्ची ओढली.