दहावं घर

समोरच्या निमकरांकडे गेलं की चपला दाराबाहेर काढायच्या आणि फोन डब्यात ठेवायचा. डबा स्टीलचा, घट्ट झाकणाचा. कधीकाळी त्यात तांदूळ राहत असतील, आता पाहुण्यांचे फोन राहतात. ठेवायच्या आधी निमकर विचारतात, "संमती आहे?" आपण हो म्हटलं की लगेच सांगतात, "परत घेता येते हं, कधीही."

एकदा माझा फोन आत असताना वाजला. गुडगावहून मुलगा करत होता. मी फोन घ्यायला उठले, तर निमकर डब्याकडे बघत उभे, पोटच्या पोराने चोरी करावी तसा चेहरा. "बंद स्टीलमध्ये लहरी शिरत नाहीत. वाजायला नको होता," म्हणाले. फोन द्यायचा राहिला बाजूला, ते झाकणाच्या कडेवरून बोट फिरवत बसले. दुसऱ्या दिवसापासून डब्याच्या जागी कुकर आला. मी विचारलं, "आणि वरण कशात लावता?"

"वरण पातेल्यात. वरणाला गुप्ततेची गरज नसते."

पुढे शिट्टीच्या भोकातून काहीतरी आत जातं असं त्यांना आढळलं, आणि नवीन झाकण बसवून डबा परत आला.

मी मयूर विहारला तिसऱ्या मजल्यावर राहते, एकटी. हे गेल्यावर मुलाने गुडगावला ये म्हटलं, मी नाही गेले. तिथे लिफ्टमध्येसुद्धा गाणी लागतात. निमकर माझ्या समोरच्या दारात, तेही एकटे. वय बासष्ट. विद्यापीठात शिकवतात. तारेवाचून हवेतून जे संदेश जातात ते चोराच्या हाती लागू नयेत म्हणून काय करायचं, हा त्यांचा विषय. लग्न केलं नाही. का, ते मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. "राहून गेलं, काकू," म्हणाले, गॅस बंद करायचा राहून जावा तसं.

सोसायटीत त्यांच्याशी फारसं कोणी बोलत नाही, आणि त्यात सगळी चूक सोसायटीची नाही. एकदा लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या खन्नांना ते म्हणाले, "खन्नाजी, आपका वायफाय का पासवर्ड ब्रूनो है. बदल दीजिए."

खन्ना लाल झाले. "आपने हमारा वायफाय खोला?"

"नहीं जी. आप दिन में चालीस बार ब्रूनो को बुलाते हैं. मैंने अंदाज़ा लगाया."

ब्रूनो म्हणजे त्यांचा कुत्रा. खन्नांनी पासवर्ड बदलला आणि निमकरांना नमस्ते करणं सोडलं.

फाटकावरच्या वहीत सगळ्यांनी फोन नंबर लिहायचा असा नियम निघाला, तेव्हा निमकरांनी नंबराच्या रकान्यात लिहिलं, 'अनुच्छेद २१'. घटनेतलं ते कलम आहे म्हणे, त्यात माणसाला आपलं खाजगी आपल्यापाशी ठेवायचा हक्क येतो. गार्डला वाटलं हा घराचा नंबर. आठ दिवस निमकरांची पार्सलं एकवीस नंबरच्या सरदारजींकडे जात होती. निमकरांना ती परत आणायची लाज वाटली. मी जाऊन आणली.

घरात खुर्ची एकच. बाकी वायरी, डबडी, ताटाएवढ्या जाळ्या आणि पुस्तकं. दर मंगळवारी माझा उपास असतो. साबुदाणा एकटीपुरता भिजत नाही, कितीही कमी घ्या, उरतोच. म्हणून अकराच्या सुमाराला त्यांना खिचडी नेऊन देते. ते खुर्ची मला देतात आणि उभ्याने खातात. दहा मिनिटं. त्यातली पाच मी त्यांना घर आवरण्यावरून बोलते. मग ताटली घेऊन परत येते.

संध्याकाळी सहाला मी बागेतून येते तेव्हा ते दारात असतात, हातात काटक्यांच्या झाडूसारखं एक यंत्र. "आलात काकू?" "आले. तुम्ही काय करताय?" "कॉरिडॉर तपासतोय." मी दार लावून घेते. बारा महिने, रोज सहाला, आमचा कॉरिडॉर तपासला जातो. दिल्लीत इतका तपासलेला कॉरिडॉर दुसरा नसेल.

गेल्या वर्षी त्यांनी एक मोठं काम काढलं. तीन प्राध्यापकांचं मिळून. एक निमकर. दुसऱ्या भल्ला मॅडम, राज्यघटनेचा कायदा शिकवतात, आवाज असा की चपराशी आपोआप उभा राहील. तिसऱ्या डॉक्टर रेहाना, मनाच्या आजाराच्या, मूळच्या सोलापूरच्या, त्यामुळे माझ्याशी मराठीत बोलतात. काम असं: एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या घरात साबणाच्या वडीएवढी डबी बसवायची. तिच्यातून लहरी निघतात, भिंतींवर, माणसावर आपटून परत येतात. त्यावरून माणूस उठला, बसला, फिरला एवढं कळतं. कॅमेरा नाही, आवाज नाही. उठणं-बसणं बदललं तर मन बिघडत चाललंय का, ते रेहानाबाईंनी सांगायचं. भलं करायला म्हणून का होईना, कोणाच्या घरात असं डोकवावं का, ते भल्लाबाईंनी. आणि आज या घरात कोणी नाही, हे डबीकडून चोराला कळू नये, ते निमकरांनी बघायचं.

घरं दहा हवी होती. नऊपेक्षा एकही जास्त मिळेना. दिवाळीपर्यंत दहावं मिळालं नाही तर विद्यापीठ काम गुंडाळणार होतं. निमकर माझ्याकडे आले.

"काकू, कॅमेरा नाही."

"मग काय दिसतं?"

"तुम्ही उठलात, बसलात, एवढंच."

"ते मला माहीत असतं."

"तुम्हाला असतं. आम्हाला नसतं."

"तुम्हाला कशाला हवंय?"

यावर त्यांनी चौदा पानांचा फॉर्म काढला आणि मोठ्याने वाचायला घेतला. सहाव्या पानावर मला झोप लागली. जागी झाले तर हे तसेच उभे, बोट सहाव्या पानावर. "झोपेत ऐकलेलं धरत नाहीत," म्हणाले, आणि सहावं पान पहिल्यापासून. चौदावं झाल्यावर मी सांगितलं, नाही. मला कोणी बघायला नको. वाटलं होतं, आता तोंड पाडतील. उलट खूश झाले. "उत्तम. असाच नकार पाहिजे. पूर्ण समजून." आणि नकारावर माझी सही घेतली.

दिवाळीच्या आधी म्हणाले, दहावं घर मिळालं. मी म्हटलं, बरं झालं.

महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी तिघांची बैठक निमकरांकडे असे, कारण कागद त्यांच्या घरातून बाहेर न्यायचे नाहीत. खुर्ची एक, माणसं तीन. म्हणून माझ्या दोन खुर्च्या जात, आणि चहाही माझ्याकडूनच, कारण निमकरांचा चहा डॉक्टरसुद्धा पीत नाहीत. घरांची नावं कोणी घेत नसे. घर एक, घर दोन, असं. कोणतं घर कोणाचं, ती यादी फक्त निमकरांकडे, फोनच्याच डब्यात. तरी मी बाहेरची, म्हणून ऐकलेलं बाहेर न बोलण्याच्या फॉर्मवर माझी सही आहे. आता हे लिहिते आहे ते तिघांना विचारून. त्याचाही फॉर्म झाला, पाच पानी.

फेब्रुवारीतल्या बैठकीत मी चहा ओतत होते. रेहानाबाई संगणकाच्या पडद्यावर घराघरातल्या उठण्याबसण्याच्या रेघा बघत म्हणाल्या, "हे घर दहा मला बरं वाटत नाही."

निमकर चमच्याने चहा ढवळायला लागले. साखर ते घेत नाहीत.

"किती महिने झाले, या माणसाकडे कोणी येत नाही," रेहानाबाई म्हणाल्या. "घरात असला की एका जागी बसून असतो. संध्याकाळी सहाला उठून दारापर्यंत जातो, पाच मिनिटं उभा राहतो, परत येतो. रोज. फक्त मंगळवारी अकराला कोणीतरी येतं, दहा मिनिटांत जातं. बस." मग भल्लाबाईंकडे वळून हिंदीत, "किसी को इनके पास जाना चाहिए."

"बिल्कुल नहीं," भल्लाबाई म्हणाल्या. "हमने लिखकर दिया है, बिना बुलाए कोई नहीं आएगा. आज डॉक्टर जाएगी, कल थानेदार जाएगा."

"मैं थानेदार नहीं हूँ."

"तो दरवाज़ा मत खटखटाइए."

"और वो आदमी ऐसे ही बैठा रहे? आप वकील हैं कि दीवार?"

"दीवार ही समझिए. घर में दीवार चाहिए होती है."

दोघी निमकरांकडे वळल्या. नाव त्यांनाच माहीत, तेच जाऊन विचारू शकत होते. निमकर ढवळत राहिले. "बघतो," म्हणाले.

मी किटली खाली ठेवली. मंगळवार. अकरा. दहा मिनिटं. मला कोणी फॉर्म वाचून दाखवायची गरज पडली नाही.

दोघी गेल्यावर मी माझ्या खुर्च्या घडी करून भिंतीला लावल्या आणि म्हटलं, "दहावं घर तुमचं आहे."

"कशावरून?"

"खिचडीवरून."

ते म्हणाले, "घर मिळेना, काकू. काम बंद पडलं असतं. बैठकीच्या दुपारी तेवढी डबी बंद ठेवत होतो."

"हे चालतं?"

"नाही चालत. आपल्या अभ्यासात आपण बसायचं नसतं. खोटं झालं ते. कळलं तर बाकीच्या नऊ घरांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही."

"एवढं कळत होतं तर त्या डॉक्टरणीला असंच सांगायचं, की माझ्याकडे कोणी येत नाही. तिने गोळी दिली असती."

"असं कसं सांगायचं?" निमकर म्हणाले. "रेघेवरून काय म्हणतात, ते ऐकायचं होतं."

मला राग आला. त्यांचा आला की माझा, ते त्या वेळी कळलं नाही. बारा महिने माणूस दारात झाडू घेऊन उभा राहतो आणि मी 'आले' म्हणून दार लावते. पण हे काही मी त्यांना बोलले नाही. मी म्हटलं, "तुमची रेघ पुसा. भल्लाबाईंना खरं काय ते सांगा, तुम्ही स्वतः. आणि तो चौदा पानांचा कागद आणा."

"तुमचा नकार आहे, काकू. नोंदवलेला."

"परत घेता येतो ना?"

त्यांना हसू आलं की काय, मान फिरवली. फॉर्म आणला आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले. या वेळी मी जागी राहिले.

सोमवारी ते भल्लाबाईंना सांगून आले. दोन तास ऐकून घेतलं म्हणे. त्या बाईंनी जुनी रेघ टाकून दिली, झालेली चूक विद्यापीठाला लेखी कळवायला लावली आणि यादी स्वतःच्या कपाटात नेली. काम वाचलं, मुदत थोडी वाढवून. माझ्या स्वयंपाकघराच्या दारावर डबी बसली. आठवडाभर मी तिच्याकडे बघून पदर सारखा करत होते, मग विसरले.

आता मी रोज चारला चहा घेऊन समोर जाते. निमकरांसाठी नाही, उद्या त्या रेहानाने माझ्या घराबद्दल 'बरं वाटत नाही' म्हणायला नको म्हणून. मंगळवारी दहा मिनिटांत होत असे त्याला आता तास लागतो. बोलायला विषय असतो असं नाही. ते पासवर्ड कसे चोरतात ते सांगतात, मी खन्नांच्या सुनेचं सांगते. मधे त्यांनी दुसरी खुर्ची आणली. प्लास्टिक काढलं नव्हतं, मी काढायला लावलं. कॉरिडॉरची तपासणी बंद आहे.

परवाच्या बैठकीत रेहानाबाई पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे नवीन घर दहा मात्र छान आहे. रोज चारला ही व्यक्ती कुठेतरी बाहेर जाते, तासाने येते. एक दिवस चुकलेला नाही. कहाँ जाती होंगी?"

"पूछना मना है," भल्लाबाई म्हणाल्या, आणि कप माझ्यापुढे केला. "आंटीजी, थोड़ी और."

मी ओतला. निमकर बिनसाखरेचा चहा ढवळत होते.

दोघी गेल्या. मी किटली घेऊन निघाले, तर निमकर दारापर्यंत आले. डब्यातून माझा फोन काढून दिला.

"उद्या चारला, काकू? संमती आहे?"

"आहे," मी म्हटलं, आणि पुढच्या वाक्यासाठी थांबले. चपला घालून झाल्या तरी ते आलं नाही. निमकरांनी डब्याचं झाकण नीट दाबून बसवलं, आणि मी माझं दार उघडून आत जाईपर्यंत तिथेच उभे राहिले.