सामंतबाई आणि चारशे वर्षांपूर्वीचं उत्तर

नेरूळच्या आमच्या सोसायटीत कुणी काहीही सांगितलं, की समोरच्या सामंतबाई विचारतात, "दुसऱ्या किनाऱ्याचं काय म्हणणं?" पार्किंगवरून कुळकर्ण्यांचं आणि बी विंगच्या थॉमसचं वाजलं, तेव्हा बाईंनी दोघांचे जबाब वेगवेगळे लिहून घेतले. तिसऱ्या दिवशी निकाल दिला, "दोघंही खोटं बोलतायत. पण कुळकर्णी जास्त सुसंगत."

बाई इतिहासाच्या निवृत्त प्राध्यापिका. विषय भूमध्य समुद्राचं पश्चिम टोक. इकडे स्पेनचे ख्रिश्चन, तिकडे अल्जिअर्सचे मुसलमान आणि मधल्या पाण्यात एकमेकांची माणसं पळवणारी गलबतं. तुर्भ्याच्या कारखान्यात जन्म काढलेला मी, आता स्पेनच्या मायोर्का बेटावरून अल्जिअर्सला कुठल्या वाऱ्यानं जायचं ते झोपेतसुद्धा सांगेन.

गेलं वर्षभर बाई एका पत्रापायी सैरभैर होत्या. मायोर्काचा एक पोरगा पकडला गेला, अल्जिअर्सला मुसलमान झाला, तिथंच संसार थाटला आणि आईला पत्रं लिहीत राहिला. आईनं उत्तर दिलं का, एवढंच बाईंना हवं होतं. तिकडच्या दफ्तरखान्यातून स्कॅन यायचे आणि सकाळी सातला बाई आमची बेल वाजवायच्या.

"बसत नाही हो जाधव, उभ्या उभ्याच सांगते. आजही नाही मिळालं!" म्हणत हॉलमध्ये पाऊण तास चकरा.

"मॅडम, कशाला टेन्शन घेता?" आमची ही म्हणायची. "म्हातारी जाऊन चारशे वर्षं झाली."

"म्हणून काय झालं? पोरगा थांबलाय ना उत्तरासाठी!"

यावर ही चहा टाकायला उठली. बाईंच्या मुलानं, निखिलनं सबीनाशी लग्न केलं आणि तो तासाभरावरच्या नावड्याला राहायला गेला, हे सगळ्या सोसायटीला ठाऊक होतं. बाईंसमोर विषय काढायची कुणाची टाप नव्हती.

गेल्या रविवारी बाई आल्या त्या दारातच थबकल्या.

"दोन्हीकडची दफ्तरं संपली. तिनं उत्तर लिहिलंच नाही, जाधव. पोराची पत्रं मात्र एकूण एक जपून ठेवली होती. काय उपयोग त्याचा?"

मग त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. निखिलचे मेसेज होते, चार वर्षांचे, दर रविवारचे. 'आई, बरी आहेस ना?' 'आई, गुडघा कसा आहे?' खाली बाईंचा एक शब्द नाही. मला त्यांचा राग आला, तरी मोबाईल मी हातात घेतला.

"मी देतो उत्तर टाइप करून," मी म्हटलं.

"नको. पत्रबित्र नको आता." बाईंनी पदरानं चष्मा पुसला. "जाधव, नावड्याला कसं जातात हो?"