ब-दरवाज्यात मेमरी बदलली जाते

स्मरणशक्ती वाढवण्यासाठी मानवजातीने आजवर अक्रोड, थंड पाण्याची अंघोळ आणि शाळामास्तरांची छडी असे अनेक उपाय करून पाहिले. परंतु स्क्रूड्रायव्हरने करता येणारा खात्रीचा उपाय फक्त लॅपटॉपच्या नशिबी आला. पाठीचं झाकण उघडायचं, मेमरीची जुनी पट्टी काढायची, नवी बसवायची. एवढ्या सोप्या कामातही अपघात होतात ते केवळ हलगर्जीपणामुळे, असं प्लेवेन शहरातल्या स्ताम्को बोझिलोव यांचं ठाम मत होतं. सिमेंटच्या कारखान्यात ते जन्मभर सुरक्षा अधिकारी होते आणि त्यांच्या कारकिर्दीत तिथे एकही अपघात झाला नाही. (उत्पादनही फारसं झालं नाही, पण ते खातं वेगळं.) नियमाचा एकच भंग त्यांच्या हातून घडला: मुलीचं नाव त्यांनी इस्क्रा, म्हणजे ठिणगी, असं ठेवलं.

ही इस्क्रा नवऱ्याबरोबर स्पेनमध्ये सारागोसाला असते आणि दर रविवारी लॅपटॉपवर आईशी, त्सोन्काबाईंशी, बोलते. बोलते म्हणजे सुरुवात करते. मग पडदा गोठतो. गेल्या रविवारी ती म्हणाली, "आई, तुला एक सांगायचंय, आम्ही..." आणि तोंड उघडं ठेवून थिजली. त्सोन्काबाई त्या उघड्या तोंडासमोर जेवणाची वेळ टळून जाईपर्यंत बसून राहिल्या. आठवडाभर त्यांनी "आम्ही"चे अर्थ लावले. आम्ही घर घेतलं? आम्ही वेगळे होतोय? आम्ही शाकाहारी झालो?

नवी पट्टी इस्क्रानेच टपालाने पाठवली होती. सोबत निरोप: बाबा, पाच मिनिटांचं काम आहे.

"पाच मिनिटांचं!" स्ताम्को म्हणाले. "असंच म्हणत म्हणत लोकांचे हात जातात."

त्यांनी तातडीने सुरक्षा समिती स्थापन केली. अध्यक्ष स्वतः, सदस्य इमारतीचे व्यवस्थापक गाव्रिल. समितीच्या निष्कर्षानुसार मुख्य शत्रू म्हणजे स्वेटर काढताना चटचट करते ती वीज. ती दिसत नाही, वास येत नाही, आणि बोटातून पट्टीत शिरली की मेमरी जागच्या जागी गतप्राण होते. (हे खरं आहे. समितीची सुरुवात नेहमी खऱ्यापासूनच होते.) त्यावर साधा उपाय म्हणजे काम सुरू करण्यापूर्वी धातूला हात लावणे. साधेपणामुळे तो समितीला अपुरा वाटला.

सबब, शनिवारी सकाळपासून ब-दरवाज्यात, म्हणजे इमारतीच्या त्यांच्या जिन्यावरच्या सगळ्या घरांत, पुढील व्यवस्था अमलात आली. संपूर्ण जिन्याची वीज मुख्य स्विचमधून तोडण्यात आली. लिफ्ट थांबली, आणि तिच्यात वरच्या मजल्यावरचे दंतवैद्यही थांबले. गॅस बंद झाला. सर्व मांजरं, घर्षणाने वीज उत्पन्न करणारे प्राणी म्हणून, अंगणात रवाना झाली. रहिवाशांना लोकरी आणि नायलॉनच्या वस्त्रांची मनाई झाली. दुसऱ्या मजल्यावरच्या एका आजोबांनी त्याचा अर्थ फारच व्यापक घेतला, त्यांना समजावून परत घरात पाठवावं लागलं.

तळमजल्याच्या रुसानाबाई मात्र खवळल्या. त्यांच्या लाल ढोबळ्या मिरच्या भाजण्याच्या विजेच्या भट्टीत मिरच्या अर्ध्या कच्च्या राहिल्या होत्या.

"अहो बोझिलोवसाहेब, माझी हिवाळ्याची चटणी व्हायचीय! तुम्ही काय अणुबाँब उघडताय का?"

"बाँब परवडला, रुसानाबाई. तो निदान आवाज करून जातो."

रुसानाबाई बडबडत निघून गेल्या. जाताना त्यांच्या अंगात लोकरीचं जाकीट होतं, ही बाब गाव्रिलच्या नजरेतून सुटली नाही.

कामाला प्रारंभ झाला. स्ताम्को अनवाणी, सुती लेंग्यावर, मनगटाला तांब्याची तार बांधून, तिचं दुसरं टोक रेडिएटरला. त्यांनी लॅपटॉप मिटला, पालथा घातला, स्क्रू काढून बशीत ठेवले. दोन्ही बाजूंच्या चिमट्या हलकेच फाकवल्या, तशी जुनी पट्टी तिरकी उठली. नवी तिची खाच जुळवून तशीच तिरकी सरकवली, खाली दाबली, टक्‌. गाव्रिलने टोपी काढली.

वीज आली. लिफ्टमधून दंतवैद्य आले. लॅपटॉप उघडला. पडदा काळा. बटण दाबलं, काळाच. त्सोन्काबाई स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या, आणि नळ चालू नसताना भांडी घासू लागल्या.

स्ताम्कोंना ते बघवेना. पण अधिकारी कोसळला तरी कार्यपद्धती कोसळत नाही. चौकशी झाली. वीज तोडलेली होती, गॅस बंद होता, मांजरं बाहेर होती; म्हणजे उरलं एकच. रुसानाबाईंचं जाकीट पुरावा म्हणून जप्त झालं. लोकरीने मजल्याच्या फरशीतून मेमरीवर केलेला हल्ला, असा शेरा पडला.

रविवारी त्सोन्काबाई त्या बिचारीची माफी मागायला खाली गेल्या. रुसानाबाईंनी आधी दार उघडलं नाही, मग उघडलं, मिरच्या सोलायला बसवलं, आणि म्हणाल्या, "रडू नकोस बाई, मिरच्यांत खारटपणा उतरेल. घे माझा फोन, लाव लेकीला."

इस्क्रा दिसली. हलतही होती.

"आई, आम्हाला बाळ होणार आहे. एक नाही, दोन!"

दोन्ही बायका एकदम ओरडल्या, लाल हातांनी एकमेकींना मिठ्या मारल्या. मग लॅपटॉपची हकिगत निघाली.

इस्क्रा शांतपणे ऐकत होती. "आई, बाबांनी आधी बंद केला होता ना?"

"अगं, अख्खी इमारत बंद केली होती!"

"इमारत नाही गं. लॅपटॉप."

त्सोन्काबाईंनी रुसानाबाईंकडे पाहिलं.

"नुसता मिटला की तो झोपतो," इस्क्रा म्हणाली, "आणि त्याच्या पोटात बॅटरी असते. झोपेत कुणी तुझा मेंदू बदलला तर तू उठशील का? बटण दाबून धर, पार दिवा विझेपर्यंत. मग सोड, आणि परत दाब."

त्सोन्काबाई वर गेल्या. स्ताम्को बाल्कनीत कबुतरांकडे पाठ करून बसले होते. बटण दाबलं, धरलं, सोडलं, दाबलं. लॅपटॉप पटकन उठला, जन्मात कधी उठला नव्हता इतका तरतरीत.

"आपोआप चालू झाला," त्यांनी नवऱ्याला सांगितलं. "आणि आजोबा होणार आहात. ते जाकीट आत्ताच्या आत्ता देऊन या."

स्ताम्कोंचे डोळे भरून आले. निम्मे नातवंडांसाठी, निम्मे कार्यपद्धती अखेर फळाला आली म्हणून.

आता वाचकांविषयी. रेडिएटरला बांधलेल्या माणसाला आपण मनापासून हसलात. हरकत नाही. परंतु वीज तुटली, मांजरं गेली, स्क्रू बशीत पडले, तोवर "अहो, तो आधी बंद तर करा" हे वाक्य आपल्या तोंडून निघालं नाही, याची समितीने नोंद घेतली आहे. समितीत एक जागा रिकामी आहे. अर्जाची गरज नाही; आपली पात्रता सिद्ध झाली आहे.