अण्णांच्या झाडावरचे पोपट

"ते पान आधी काढून टाका! आत्ताच्या आत्ता!"

अण्णा केस कापून दारातून आत आले ते ओरडतच. हॉलच्या मोठ्या भिंतीवर घराण्याचा वंशवृक्ष काढायला पेंटर सकाळपासून शिडीवर चढला होता आणि संध्याकाळी सगळं गणगोत तो बघायला येणार होतं. अण्णा जरा बाहेर काय गेले, तेवढ्यात त्यांच्या बायकोने, म्हणजे माईंनी, पेंटरला सगळी नावं सांगून टाकली. सगळी म्हणजे सगळी! सुना, जावई, कुणी सोडलं नाही. हिरवंगार झाड, प्रत्येक पानावर एक नाव. बुंध्याशी अण्णा-माई, त्यांना लागून पहिली फांदी लेकीची, आणि लेकीच्या पानाला खेटून, अण्णांच्या बाजूला, जावईबापूंचं पान. खुद्द जावईबापू नवा शर्ट घालून खाली शिडी धरून उभे होते.

"अहो, त्यात चुकलं काय?" माईंनी विचारलं.

"वंशवृक्ष म्हणजे रक्ताचं नातं! बाहेरून आलेल्यांचं तिथे काय काम?" अण्णांचा उभा जन्म मोजणी खात्यात, लोकांच्या जमिनींच्या हद्दी ठरवण्यात गेला होता. "हद्द म्हणजे हद्द. आज जावई घेतला, उद्या जावयाचा मेहुणा म्हणेल मलाही घ्या."

"जावयाचा मेहुणा म्हणजे आपलाच मुलगा. तो आहे वरच्या फांदीवर," माई म्हणाल्या.

जावईबापूंचं तोंड एवढंसं झालं. त्यांना स्वतःचं असं कुणीच नव्हतं. लग्न झाल्यापासून ते याच घरात राहत होते. अण्णांच्या गोळ्या, गळका नळ, बिघडलेला पंखा, सगळं तेच बघायचे. त्या भिंतीवर आपलं नाव यावं एवढी एकच हौस होती बिचाऱ्यांना. तरी म्हणाले, "असू दे माई. अण्णा म्हणतात ते बरोबर असेल."

"पण पुसणार कसं?" पेंटर वरून म्हणाला. "ऑइलपेंट आहे. खरवडलं तर प्लास्टर हातात येईल. वर काहीतरी काढून झाकावं लागेल."

"मग झाका!"

"पोपट काढतो. पोपटात माझा हात धरणारा कुणी नाही."

आणि खरंच, काय पोपट काढला! गुबगुबीत, लालबुंद चोचीचा, आत्ता बोलेल असा. जावईबापूंनी मान वर करून बघितलं. "म्हणजे शेवटी माझा पोपट झालाच," म्हणत ते हसले. दुसरं कुणीच हसलं नाही.

स्वयंपाकघरातून थोरली सून हात पुसत बाहेर आली. "मग माझंही झाका. मी काय वेगळ्या वाटेने आले या घरात?"

"माझंही," धाकटी म्हणाली. "आणि माझ्या पोपटाने मान वळवलेली हवी."

नाही म्हणायची सोय नव्हती, कारण नियम अण्णांचाच. पेंटरला तर हुरूपच आला. दोन्ही पोपट उडवून तो खाली वाकला. "आता माईंचं?"

"तिचं राहू दे," अण्णा घाईघाईने म्हणाले.

"का म्हणून? मी कुठे तुमच्या रक्ताची?" माईंनी पदर खोचला. "हद्द म्हणजे हद्द. झाका हो पेंटर!"

संध्याकाळी पाहुणे आले आणि एकच गिल्ला झाला. अण्णांचा धाकटा भाऊ भिंतीसमोर येऊन थबकला. "वहिनी, हा पोपट म्हणजे तुम्ही? काय रुबाब आहे! आणि मी कोण? हे पान?"

"तू रक्ताचा आहेस," अण्णा अभिमानाने म्हणाले.

"मग ही शिक्षा कशाची?"

तेवढ्यात नातीने भोकाड पसरलं. "आई पोपट आणि मी पान? मला पण पोपट पाहिजे!" नातीचं ऐकल्यावर नातू थोडाच मागे राहतो? मग लेक, मग दोघे मुलगे, मग धाकटा भाऊ. जो तो पेंटरला घेराव घालून आपलं पान दाखवायला लागला. चुलत भावांत आधी कोण यावरून जुंपली. हिरवा रंग संपला, दुसरा डबा आणायला माणूस पळाला. ज्याचा पोपट झाला तो त्याच्याखाली उभा राहून फोटो काढून घ्यायचा. सगळ्यात जास्त फोटो निघाले ते जावईबापूंच्या पोपटाचे.

हळूहळू झाडावर एकच पान उरलं. अण्णांचं. त्याच्याखाली कुणी उभंसुद्धा राहीना. अण्णांनी दोन-तीनदा खाकरून बघितलं, कुणाचं लक्ष नाही. शेवटी ते शिडीपाशी गेले आणि हळूच म्हणाले, "माझ्या पानाचंही... तसं काही होईल का?"

"होईल की!" पेंटर म्हणाला. "पण पोपट पानापेक्षा मोठा. चोच पलीकडे जाणार. ती हद्द जावईबापूंची."

अण्णांनी नुकत्याच कापलेल्या केसांवरून हात फिरवला. जावयाकडे आजवर त्यांनी परवानगी म्हणून कशाचीच मागितली नव्हती.

"जावईबापू," ते म्हणाले, "जरा जागा मिळेल का?"

जावईबापूंचे डोळेच भरून आले. शर्टाच्या बाहीने ते टिपत ते म्हणाले, "या ना अण्णा, या. इथे रक्ताचं असलं तरी चालतं."